मोठी अलॉय बसवायची, पण टायर घासायला नको: मापं कशी घ्यायची, कुठे चुकतं आणि का

दुकानात नवी अलॉय गाडीला लावली, नट आवळले, चाक हाताने फिरवून बघितलं, कुठे अडकलं नाही, की "बसली" असं ठरतं. रिकाम्या गाडीत एकटा माणूस घरी जातो तेव्हाही काही जाणवत नाही. मग एके दिवशी मागे तिघं बसतात, डिकीत सामान असतं, पूर्ण स्टिअरिंग कापून गाडी सोसायटीच्या गेटातून वळते, गतिरोधकावर चढते आणि पुढच्या चाकातून "खर्रर्र" ऐकू येतं. टायर घासला. दुकानदार म्हणतो, "साहेब, मोठी रिंग आहे, थोडं घासणारच." हे खरं नाही. मापं धरून घेतलेली मोठी रिंग भरल्या गाडीतही घासत नाही, आणि मापं न बघता घेतलेली त्याच इंचाची रिंगसुद्धा घासू शकते.

कारण घासणं ठरतं ते टायरच्या चार कडा गाडीत नेमक्या कुठे येतात त्यावर: वरची-खालची उंची, आतली कड, बाहेरची कड, आणि स्टिअरिंग फिरल्यावर टायर जो घेर घेतो तो. रिंगचा इंच यातल्या एकाही गोष्टीबद्दल थेट काही सांगत नाही. उदाहरणासाठी आपण मारुती स्विफ्ट घेऊ, कारण ती रस्त्यावर भरपूर आहे आणि खालच्या व्हेरियंटची १४ इंची डिस्क (साधी लोखंडी रिंग) काढून मोठी अलॉय घालायचा प्रकार तिच्यावर खूप होतो. हिशेब मात्र कुठल्याही गाडीला हाच.

उंचीचा हिशेब

खालच्या व्हेरियंटच्या स्विफ्टवर १६५/८० आर१४ टायर येतो. १६५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिमी. १४ म्हणजे रिंग १४ इंच, म्हणजे ३५५.६ मिमी. भिंत वर एकदा आणि खाली एकदा येते, म्हणून पूर्ण टायरची उंची ३५५.६ + १३२ + १३२ = सुमारे ६२० मिमी.

आता वरच्या व्हेरियंटला कंपनी देते तो १८५/६५ आर१५ बघा: ३८१ + १२०.२५ + १२०.२५ = ६२१.५. रिंग एक इंचाने वाढली, टायर दोन मिलिमीटरसुद्धा वाढला नाही. १९५/५५ आर१६ घेतला तर ६२१. हे माप बलेनोच्या वरच्या व्हेरियंटला कंपनीच देते, त्यामुळे त्यात टायर सहज मिळतात. रिंग जितकी वाढते तितकी रबराची भिंत कमी केली की उंची जागच्या जागी राहते. मोठ्या रिंगचं सगळं तंत्र या एका वाक्यावर उभं आहे.

गडबड होते ती "थोडा भरीव दिसू दे" म्हणून. २०५/५५ आर१६ ची उंची ६३२ येते, मूळ १४ इंचीपेक्षा १२ मिमी जास्त. १९५/६० आर१६ तर ६४० वर जातो, म्हणजे २१ मिमी जास्त, सुमारे ३.४ टक्के. टायर हबच्या (रिंग ज्यावर नटांनी बसते तो भाग) मध्यापासून चारी बाजूंना वाढतो, म्हणून यातली अर्धी वाढ, साडेदहा मिमी, वरच्या मडगार्डकडे, पुढच्या बंपरकडे आणि मागच्या लायनरकडे (चाकाच्या कमानीतलं प्लास्टिकचं अस्तर) एकाच वेळी सरकते. शिवाय स्पीडोमीटर कमी दाखवायला लागतो: काट्यावर १०० असताना गाडी खरी १०३ च्या आसपास धावत असते. कंपन्या स्पीडोमीटर मुद्दाम किंचित जास्त दाखवणारा ठेवतात, ती सोय अशा टायरमध्ये खर्ची पडते. आमचा नियम साधा आहे: मूळ उंचीपासून वर दीड टक्क्यापेक्षा जास्त जायचं नाही. बाजारात तीन टक्के चालतात असं सांगतात. मीटरच्या दृष्टीने ते चालेलही, पण छोट्या गाडीच्या चाकाच्या कमानीत तेवढी जागा बहुतेक नसते.

ईटी: सगळ्यात कमी विचारला जाणारा आणि सगळ्यात जास्त घासवणारा आकडा

रिंगच्या मागच्या बाजूला, आऱ्यांवर किंवा हबला टेकणाऱ्या भागाजवळ, ईटी ४५, ईटी ३८ असा आकडा कोरलेला असतो. यालाच ऑफसेट म्हणतात. रिंगच्या रुंदीच्या बरोबर मध्यातून एक उभी रेघ काढा. हबला टेकणारा सपाट भाग त्या रेघेपासून गाडीच्या बाहेरच्या बाजूला किती मिलिमीटर आहे, तो ईटी. ईटी जास्त असेल तर चाक गाडीच्या आत ओढलं जातं. ईटी कमी असेल तर चाक बाहेर येतं.

टायरच्या कडा कुठे येतील ते काढायला दोनच बेरजा-वजाबाक्या लागतात. टायरच्या रुंदीचा अर्धा भाग घ्या. त्यात ईटी मिळवला की हबपासून आतली कड किती आत आहे ते कळतं. त्यातून ईटी वजा केला की बाहेरची कड किती बाहेर आहे ते कळतं.

समजा मूळ चाक १८५ रुंदीचा टायर आणि ईटी ४५ असं आहे. आत ९२.५ + ४५ = १३७.५ मिमी, बाहेर ९२.५ − ४५ = ४७.५ मिमी. आता दुकानात दिसायला छान असलेली १९५ टायरची, ईटी ३८ ची अलॉय आहे. आत ९७.५ + ३८ = १३५.५, म्हणजे आत उलट २ मिमी जागा वाढली. बाहेर ९७.५ − ३८ = ५९.५, म्हणजे टायर तब्बल १२ मिमी बाहेर आला. टायर फक्त १० मिमीने रुंद झाला, पण ईटी सात मिमीने कमी झाल्यामुळे ती सगळी वाढ आणि वर आणखी दोन मिमी एकाच बाजूला गेली. तीच १९५ ईटी ४५ वर घेतली असती तर आत ५ आणि बाहेर ५ अशी वाटणी झाली असती.

हा हिशेब टायरवर छापलेल्या रुंदीचा आहे. प्रत्यक्ष रुंदी रिंगच्या रुंदीवरही हलते: रिंग अर्ध्या इंचाने रुंद झाली की त्याच टायरची बाजू साधारण ५ मिमीने पसरते. १९५/५५ आर१६ साठी ६ इंची, म्हणजे ६जे रिंग नेमकी असते, आणि ५.५ ते ७ पर्यंत चालते. ७जे वर तो ताणून बसतो, रिंगची कड रबरापेक्षा पुढे येते आणि फुटपाथला पहिला ओरखडा रिंगवर पडतो. शिवाय एकाच मापाचे दोन कंपन्यांचे टायर खांद्याला, म्हणजे तळ आणि बाजूची भिंत मिळतात त्या कडेला, सारखे नसतात. काहींचा खांदा चौकोनी असतो, काहींचा गोल. काठावरच्या हिशेबात गोल खांद्याचा टायर वाचवतो.

रिंगवर ईटी कोरलेला नसेल तर घेऊ नका, असं आमचं मत आहे. ज्या कारखान्याने हा आकडा टाकला नाही, त्याने भार झेलायची चाचणी केली असेल यावर विश्वास ठेवणं अवघड आहे. तरी मोजायचाच असेल तर टायर नसलेली रिंग तोंडाकडून खाली ठेवा, मागच्या कडेवर सरळ पट्टी आडवी ठेवा आणि पट्टीपासून हबला टेकणाऱ्या भागापर्यंतची खोली मोजा. रिंगची एकूण रुंदी काढायला कोरलेल्या इंचात दोन्ही कडांचा मिळून साधारण एक इंच मिळवायचा. ६जे असेल तर एकूण ७ इंच, म्हणजे १७८ मिमी, त्याचा अर्धा ८९. खोली १३१ भरली तर ईटी १३१ − ८९ = ४२.

गाडीत नेमकं कुठे घासतं

पुढच्या चाकाला चार जागा असतात. पहिली, आतल्या बाजूला शॉकअब्झॉर्बरची नळी आणि तिच्यावर स्प्रिंग बसते ती वाटी. आपल्याकडच्या जवळपास सगळ्या छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे ही नळी चाकाच्या नकलला (हब ज्यात बसतो आणि स्टिअरिंगबरोबर वळतो तो लोखंडी भाग) थेट बोल्टने जोडलेली असते. त्यामुळे स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी कितीही दाबा, टायर आणि नळी यांच्यातलं अंतर बदलत नाही. जॅकवर मोजलेलं अंतर रस्त्यावरही तेवढंच राहतं. म्हणून इथे ५ मिमी मोकळे असले तरी पुरतात, आणि इथे मोजून मापाची खात्री करून घेणं सगळ्यात सोपं आहे. ज्या गाड्यांत स्प्रिंगची वाटी टायरच्या माथ्याच्या जवळ असते, तिथे मात्र रुंदीपेक्षा टायरची उंची आधी अडचणीत आणते.

बाकीच्या तीन जागांचं असं नाही, कारण तिथे टायर हलतो आणि समोरची वस्तू स्थिर असते. मडगार्डची वरची आतली कड, पुढे बंपरच्या मागचं लायनर, आणि मागे दाराच्या पायथ्याकडचं लायनर व मडफ्लॅप. शेवटच्या दोन जागा लोक मोजतच नाहीत. चाक सरळ असताना टायर बाहेर आला तर तो फक्त बाहेरच येतो. पण स्टिअरिंग कापलं की ती बाहेर आलेली कड फिरून मागे किंवा पुढे जाते. डावीकडे पूर्ण वळलात की डाव्या चाकाची बाहेरची कड मागे दाराच्या दिशेने जाते, आणि उजव्या चाकाची बाहेरची कड पुढे बंपरच्या दिशेने. चाक ३५ अंशांत वळलं असेल तर १२ मिमी बाहेर आलेला टायर सुमारे ७ मिमी जास्त मागे पोचतो. त्यात टायर उंचीलाही वाढलेला असेल तर त्याचे पाच-सहा मिमी वेगळे. म्हणूनच "सरळ चालताना काही नाही, यू-टर्नला घासतं" ही तक्रार जवळजवळ नेहमी कमी ईटीची असते.

मागच्या चाकाला वळण नाही, त्यामुळे हिशेब सोपा आहे, पण दाब जास्त आहे. मागे तिघं आणि सामान बसलं की मागचा भाग बराच खाली जातो आणि खड्ड्यात टायर कमानीच्या आत शिरतो. मागच्या कमानीचा पत्रा आत वळवलेला असतो आणि ती कड टायरच्या खांद्याला चाकूसारखी कापते. आतल्या बाजूला शॉकअब्झॉर्बर आणि आतल्या कमानीचं प्लास्टिक बघायचं.

पीसीडी, मधलं भोक आणि नट

याचा घासण्याशी थेट संबंध नाही, पण हे चुकलं तर बाकी सगळा हिशेब वाया जातो. स्विफ्टचा पीसीडी ४ × १०० आहे: चार भोकं, समोरासमोरच्या भोकांच्या मध्यांतलं अंतर १०० मिमी. पाच भोकांच्या गाडीत असं समोरासमोर मोजता येत नाही. शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर मोजून १.७०१ ने गुणायचं. ६७.२ आलं तर पीसीडी ११४.३. ९८ आणि १०० चा फरक डोळ्यांना कळत नाही, नट जोर लावून आवळलेही जातात, पण स्टड (हबमधून बाहेर आलेला, नट बसतो तो बोल्ट) कायम तिरका ताणलेला राहतो आणि पुढे तुटतो.

हबच्या मधला गोल उंचवटा स्विफ्टला ५४.१ मिमीचा आहे. बाजारातल्या अलॉयचं मधलं भोक अनेक गाड्यांना चालावं म्हणून बहुतेक ७३.१ किंवा ६७.१ मिमीचं ठेवलेलं असतं. मधली पोकळी भरायला सेंट्रिंग रिंग लागते, या उदाहरणात बाहेरून ७३.१ आणि आतून ५४.१ ची. ती नसेल तर चाक नटांच्या आधारावर काही दशांश मिमी सरकून बसतं आणि ८०–१०० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं. मग गिऱ्हाईक तीन वेळा बॅलन्सिंग करून घेतं आणि थरथर तशीच राहते, कारण मशीनवर चाक मध्यात बसवलेलं असतं आणि गाडीवर नसतं.

नटांचं आटं तपासा. सुझुकीला १२ मिमी व्यासाचा, १.२५ च्या आट्याचा, म्हणजे एका फेऱ्याला १.२५ मिमी सरकणारा नट लागतो. ह्युंदाई, होंडा, टोयोटाला १२ मिमीचाच, पण १.५ च्या आट्याचा. हाताने दोन फेरे जाऊन नट अडला तर पाना लावू नका, तो चुकीचा नट आहे. बसायचा आकारही जुळला पाहिजे: बाजारातल्या अलॉयला बहुतेक ६० अंशांचा शंकूसारखा नट लागतो, होंडाच्या मूळ चाकांना गोल बसणीचा असतो. गोल नट शंकूच्या खाचेत फक्त एका रेषेवर टेकतो आणि चालता चालता सैल होतो.

घ्यायच्या आधी गाडीवर मोजा

सपाट जागा, ओळंबा, मोजपट्टी आणि मुलांची खेळायची क्ले एवढं पुरतं. मूळ चाक लावलेलं असताना मडगार्डच्या कडेवरून चाकाच्या मध्यासमोर ओळंबा सोडा आणि दोरीपासून टायरच्या फुगलेल्या बाजूपर्यंतचं अंतर घ्या. समजा २० मिमी भरलं. वरच्या हिशेबात टायर १२ मिमी बाहेर येतोय, म्हणजे ८ उरतात. पुढच्या चाकाला ते काठावर चालतात. मागच्या चाकाला १० पेक्षा कमी उरत असतील तर आम्ही ती रिंग घेऊ देत नाही.

आत मोजायला क्लेचे सुपारीएवढे गोळे करा. चाक काढून एक गोळा शॉकअब्झॉर्बरच्या नळीवर टायरच्या समोर, एक स्प्रिंगच्या वाटीखाली, दोन-तीन लायनरवर पुढे आणि मागे चिकटवा. चाक परत लावून चारही नट आवळा, गाडी जॅकवरून खाली घ्या, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. चाक काढल्यावर जिथे गोळा चपटा झाला असेल तिथली उरलेली जाडी मोजा. ती म्हणजे आजची मोकळी जागा. नव्या चाकाने त्यातून किती घेतली ते आधीच्या बेरजेत आहेच. चांगला दुकानदार एक अलॉय टायरसकट चढवून हीच चाचणी करू देतो. नाही म्हणत असेल तर दुसरं दुकान बघा. आणि ही चाचणी नव्या टायरवरच करा. झिजलेल्या टायरवर पाच-सहा मिमीची जागा खोटी दिसते.

बसवताना आणि लगेच नंतर

हबवरचा गंज तारेच्या ब्रशने साफ करा. गंजाचा एक पापुद्रा राहिला तरी चाक तिरकं बसतं. सेंट्रिंग रिंग आधी घाला, चाक टेकवा, चारही नट हाताने पूर्ण फिरवून घ्या, मग समोरासमोरचे जोडीने आवळा. हवेच्या गनने शेवटपर्यंत आवळू देऊ नका. टॉर्क पान्यावर मॅन्युअलमधला आकडा लावा. छोट्या गाड्यांना तो बहुतेक ८५ ते ११० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. ५० ते १०० किलोमीटर झाल्यावर पुन्हा त्याच आकड्याला आवळा. नव्या अलॉयच्या खाचा बसतात तेव्हा नट थोडे सैल होतात, हे टाळता येत नाही.

मग खरी परीक्षा. मडगार्डच्या आतल्या कडेवर आणि लायनरवर खडूची जाड रेघ मारा. मागे तीन माणसं आणि डिकीत ४०–५० किलो वजन ठेवा. रिकाम्या मैदानात दोन्ही बाजूंना पूर्ण स्टिअरिंग कापून पुढे आणि मागे चालवा. रिव्हर्समध्ये घासणं वेगळ्या जागी निघतं, ते सोडू नका. नंतर गतिरोधकावर तिरकी चढवा, म्हणजे एक पुढचं चाक आधी दाबलं जाईल. शेवटी खडू कुठे पुसला ते बघा.

अलाइनमेंट करून घ्या. दुकानात बोर्डावरचं "थ्री-डी" वाचून खूश होण्यापेक्षा आधीचा आणि नंतरचा कागद मागा.

तरीही घासलं तर

कुठे घासलं त्यावर उपाय ठरतो, म्हणून आधी खूण शोधा. टायरच्या आतल्या भिंतीवर गोल चकचकीत रेघ असेल तर शॉकअब्झॉर्बरला लागतंय. ही गाडी चालवू नका. भिंतीतले दोरे कापले जातात आणि टायर वेगात असताना एकदम फुटतो. उपाय एकच, ईटी कमी असलेली दुसरी रिंग किंवा अरुंद टायर. पाच मिमीचा स्पेसर (हब आणि रिंग यांच्यामध्ये घालायची चकती) घालून काम भागवणारे आहेत, पण १.२५ आट्याच्या नटाचे ५ मिमी म्हणजे चार फेरे जातात. १२ मिमी स्टडवर नटाचं आटं निदान १२ मिमी पकडलं पाहिजे, म्हणजे साडेनऊ फेरे. स्पेसर घातल्यावर हाताने नट फिरवून मोजा. सहा भरले तर स्पेसर काढून टाका, पैसे गेले असं समजा.

लायनरला लागत असेल तर ते बहुतेक वेळा सुधारता येतं. प्लास्टिकचं लायनर क्लिपांवर असतं आणि अनेकदा मधे फुगलेलं असतं. क्लिप काढून, हीट गनने मऊ करून, आत दाबून नव्या क्लिपने धरलं की १० मिमी सहज सुटतात. मडफ्लॅपचा आतला कोपरा कापला तरी चालतो. लायनरला भोक पडू देऊ नका, कारण त्याच्या मागे वायरिंग असतं आणि पावसाळ्यात चिखल सरळ तिथे जातो.

मडगार्डच्या कडेला लागत असेल तर आत वळलेली कड रोलरने वर दाबतात, त्याला फेंडर रोलिंग म्हणतात. रंग आधी गरम करावा लागतो, थंड पत्र्यावर तो तडकतो. मागच्या कमानीत दोन पत्रे स्पॉट वेल्डने जोडलेले असतात आणि मधे सीलर भरलेला असतो. रोलिंगने तो सीलर फुटतो. कोकणात, गोव्यात, मुंबईच्या खाऱ्या हवेत तिथे पुढच्या पावसाळ्यात गंज दिसायला लागतो. त्यामुळे दाबल्यावर पुन्हा सीलर आणि रंग न लावता काम संपवणाऱ्याकडे हे करून घेऊ नये.

कॅम्बर, म्हणजे उभ्या चाकाचा आतबाहेरचा झुकाव, वाढवूनही जागा मिळते: एक अंश आत झुकवलं की टायरचा माथा साधारण ५ मिमी आत जातो. पण बोल्टने कॅम्बर बदलला की माथा शॉकअब्झॉर्बरच्या नळीकडे सरकतो, म्हणजे बाहेर वाचवलेलं आत गमावलं जातं. शिवाय टायरची आतली कड लवकर खाल्ली जाते. अर्ध्या-पाऊण अंशापलीकडे याच्या मागे लागू नये.

आणि जिथे मागचा टायर फक्त भरल्या गाडीत कडेला लागतो, तिथे आधी शॉकअब्झॉर्बर तपासा. थकलेल्या शॉकअब्झॉर्बरवर गाडी खड्ड्यात जास्त खाली दबते आणि दोष नव्या अलॉयवर येतो.

भार, खड्डे, कागद

टायरवर मापानंतर ८५, ८७, ८८ असा आकडा असतो. तो भाराचा निर्देशांक आहे: ८५ म्हणजे ५१५ किलो, ८७ म्हणजे ५४५, ८८ म्हणजे ५६०. १६५/८० आर१४ वरून आलात तर १९५/५५ आर१६ चा ८७ पुरेसा आहे. पण १८५/६५ आर१५ चा ८८ सोडून आलात तर तुम्ही एक पायरी खाली उतरलात. मोठी, महाग रिंग आणि कमी भार, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. याच मापात ९१ चा एक्स्ट्रा लोड टायर मिळतो. तो घेतला तर हवा मूळ आकड्यापेक्षा दोन-तीन पीएसआय जास्त ठेवा, कारण जुन्याच दाबावर तो जास्त भार झेलत नाही.

भिंतीची उंची १३२ वरून १०७ वर आली की खड्ड्यात रबराचा आधार २५ मिमीने कमी होतो. १७ इंची २०५/४५ घेतलात तर उरतात ९२. उंची ६१६ भरते, कागदावर माप जुळतं, तरी आपल्या रस्त्यांवर आम्ही छोट्या गाडीला १७ इंच सुचवत नाही. पावसाळ्यात पाण्याखाली दिसत नसलेला एक खड्डा पुरतो: रिंग वाकते, नाहीतर टायरच्या भिंतीवर फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही. स्वस्त नकली अलॉय वाकण्याऐवजी तडकते, म्हणून रिंगवर जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए या जपानी चाचण्यांच्या खुणा आणि किलोमध्ये कोरलेला भार बघा. भाराचा तो आकडा टायरच्या भाराएवढा तरी हवा.

स्टेपनी मूळ मापाची राहते. नव्या टायरची उंची मूळ उंचीएवढी ठेवली असेल तर ती अडीअडचणीला चालते. पण अलॉयचे नट लोखंडी डिस्कला नीट बसतात का ते घरीच एकदा लावून बघा, आणि बसत नसतील तर मूळ नटांचा संच स्टेपनीजवळ पिशवीत ठेवा. पाना नव्या नटांना लागतो का तेही तेव्हाच कळेल.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे लावलं आहे. त्यामुळे तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनी देते ते माप हा सगळ्यात निर्धास्त पर्याय आहे. स्विफ्टच्या बाबतीत तो १८५/६५ आर१५. त्याहून पुढे जायचं असेल तर टायर मडगार्डच्या बाहेर दिसता कामा नये, आणि विमा कंपनीला अलॉयची माहिती अ‍ॅक्सेसरी म्हणून लेखी द्या. पॉलिसीवर नोंद नसलेल्या रिंगचे पैसे अपघातानंतर मिळवणं कठीण जातं.

दुकानात जाताना एका कागदावर पाच गोष्टी लिहून न्या: मूळ टायरचं माप, मूळ रिंगची रुंदी आणि ईटी, पीसीडी, हबचं माप, नटाचं आटं. मूळ ईटीपासून पाच मिमीच्या आतली आणि उंचीत दीड टक्क्याच्या आतली रिंग मागा. दुकानदाराने "सगळ्यांना बसते" म्हटलं तर रिंग उलटी करून मागचे आकडे दाखवायला सांगा.